दिवाळीआधीचा भागाकार

बाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातातला पत्रकांचा गठ्ठा काढून घेतला आणि पुढच्या बाकावरच्या एका पोराकडे दिला. "वाट," त्या त्याला म्हणाल्या. "सगळ्यांना सारखे. उरतील ते टेबलावर आणून ठेव."

सुरतेत उधन्याच्या त्या म्युनिसिपल मराठी शाळेत मी गेलो होतो तो पालकांपर्यंत पत्रकं पोचवायला. लूमवर राबणाऱ्याच्या पोराला शाळेचा हक्क आहे, असा मथळा होता. मथळा माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता. पोरानं वाटायला घेतलं. प्रत्येकाला एक, मग पुन्हा पहिल्यापासून प्रत्येकाला एक. शेवटी थोडी उरली, ती पहिल्या बाकावरच्यांनी लांबवली आणि वर्गात दंगा झाला. बाईंनी ती परत मागवली. मग सगळ्यांना पत्रकं पालथी करायला लावून मागच्या कोऱ्या बाजूवर हीच वाटणी आकड्यात मांडायला सांगितली.

मी म्हणालो, बाई, हे आईबापांनी वाचायचं आहे.

"वाचतील की. पोरगं गणित दाखवायला घरी नेईल तेव्हा दुसरी बाजू दिसेलच. नुसतं नेलं असतं तर चुलीत गेलं असतं."

हे खरं होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला. कामगार संघटनेत येऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. कुणी माझ्या लिहिण्याचं काही केलं नाही तर मला राग यायचा आणि भलतंच काही केलं तरीही यायचा.

बाई अमरावतीकडच्या. उंच, किडकिडीत, चालताना पुढे झुकलेल्या, जणू कायम चढावर चालल्या आहेत. एरवी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. चिडल्या की वऱ्हाडी बाहेर पडायची. वर्गातली जवळजवळ सगळी पोरं खान्देशातली, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती. त्यामुळे बाई चिडल्या की पोरांना हसू यायचं आणि हसू आलं की बाई आणखी चिडायच्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चिंचोके. ती पिशवी घेऊन त्या बाजारात जायच्या, बँकेत जायच्या, एकदा तर कुणाच्या मयतीलाही त्याच पिशवीसकट आल्या होत्या.

नमस्कार-चमत्कार त्यांना जमत नसे. नवीन माणूस भेटला की त्या त्याला भागाकाराचं विचारायच्या. आमच्या संघटनेचे अध्यक्ष एकदा शाळेत भाषणाला आले, त्यांना बाईंनी व्यासपीठामागे गाठलं आणि पाचशे चार भागिले सात तोंडी करायला सांगितलं. अध्यक्ष हसले आणि विषय बदलला. "येत नाही," बाई मला म्हणाल्या, अध्यक्षांना ऐकू जाईल अशा बेतानं. "हा माणूस चौथीच्या दिवाळीत गावाला गेलेला असणार."

त्या वेळी मला हे वाक्य वेडगळ वाटलं. त्यामागे काय होतं ते नंतर कळलं.

शिक्षकांच्या खोलीत त्यांची धास्ती होती. कुणी पेढे आणले की बाई आधी डबा मोजायच्या, मग माणसं, आणि उरलेल्या पेढ्याचे सुरीनं तुकडे करायला बसायच्या. उरलेला मोठ्या गुरुजींचा, अशी शाळेची जुनी रीत होती. बाईंनी ती मोडली. मोठे गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक. त्यांना पेढ्याचं काही नव्हतं, पण चकतीएवढा तुकडा हातावर ठेवून घेताना त्यांचा चेहरा व्हायचा तो व्हायचाच. हळूहळू त्या खोलीत पेढे यायचे बंद झाले. पोरांचं कौतुक करणं बाईंच्या रक्तात नव्हतं. फार झालं तर "हं" म्हणायच्या. तो "हं" मिळावा म्हणून पोरं मधल्या सुट्टीत पाटी घेऊन त्यांच्यामागे फिरायची.

आता ते दिवाळीचं.

पुस्तकात भागाकार येतो गुणाकाराच्या मागून. पाढे झाले, गुणाकार झाला, की भागाकार. वर्षाच्या नियोजनात तो बसतो दिवाळीच्या सुट्टीनंतर. नियोजन करणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण सुरतेत दिवाळी म्हणजे लूम, कापडाचे यंत्रमाग, बंद. उधना, पांडेसरा, बमरोली, सगळीकडची खडखड थांबते आणि माणसं बिऱ्हाडासकट धुळे-जळगावकडच्या गाड्या धरतात. सुट्टी संपते, शाळा उघडते, पोरं मात्र गावाकडंच असतात. कापूस वेचायचा असतो, कुणाचं लग्न निघतं, बाप आधी एकटा परततो आणि खोलीची सोय लागली की बायकापोरांना बोलावतो. पोरं उगवतात तेव्हा संक्रांत होऊन गेलेली असते आणि भागाकार शिकवून झालेला असतो. पुढच्या वर्षी तेच. म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार येणारी आणि भागाकार न येणारी पोरं या शाळेतून दरसाल बाहेर पडत होती, आणि मास्तर लोक म्हणत होते की खान्देशी पोरांचं डोकंच भागाकारात चालत नाही. डोकंच! हे मी शिक्षकांच्या खोलीत, पंख्याखाली बसून, माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. एकालाही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघावंसं वाटलं नाही.

बाईंनी बघितलं. आणि ठरवलं की भागाकार जूनमध्ये शिकवायचा. पाढ्यांच्याही आधी.

"पाढे येत नाहीत तर भागाकार कसा येईल?" मोठे गुरुजी विचारायचे.

"जेवायला बसलेल्या पोराला पाढे येतात काय? भाकरी मोडून देतंच ना ते भावाला?"

शाळा उघडली की वर्गात चिंचोके निघायचे. एवढे चिंचोके, एवढी पोरं, वाटा. आधी एकेक वाटायचं. चार-आठ दिवसांनी पोरांना त्याचा कंटाळा यायचा, आणि बाई त्या कंटाळ्याचीच वाट बघत असायच्या. मग म्हणायच्या, एकेक कशाला, दोनदोन दे. पुरतात का बघ. मग पाचपाच. मग दहादहा. पोरं अंदाज बांधायला लागायची, जास्त वाटलं की परत घ्यायची. आणि ऑगस्ट संपता संपता कधीतरी, कुणी न सांगता, ती कंस काढून मांडायच्या भागाकाराला येऊन पोचायची, आणि तिथं आल्यावर त्यांना त्यात नवीन काही वाटायचं नाही. पाढे त्याच गडबडीत मागच्या दारानं आत आलेले असायचे. बाईंचा एकच हट्ट होता: हातानं वाटून बघितल्याशिवाय उत्तर बोलायचं नाही. कुणी सांगितलं म्हणून तर नाहीच, अगदी बाईंनी सांगितलं म्हणूनसुद्धा नाही.

मी हे बघत होतो आणि मला कळत होतं की माझ्या दहा पत्रकांनी जे होणार नाही ते इथं चाललंय. तोंडावर मी तसं कबूल केलं नाही. बाईंना गरजही नव्हती. मला त्या "अहो पत्रकवाले" अशी हाक मारायच्या आणि रिकाम्या बाजूचे कागद मागायच्या.

चौथीत चंद्री होती. चंद्रकला. बमरोलीच्या एका खोलीत राहायची. बाप लूमवर बारा तासांच्या पाळीत, आई घरी खानावळ चालवायची आणि उरलेल्या वेळात, म्हणजे वेळ उरत नसतानाच, धाकट्या दोन पोरींना घेऊन साड्यांवर टिकल्या चिकटवायची. चंद्री बारीक अंगाची, नाकात बोलणारी, आणि हटवादी म्हणजे बाईंच्याही वरताण. चार वेळा वाटून बघितल्याशिवाय उत्तर द्यायची नाही. मधल्या सुट्टीत एकटी बाकावर बसून चिंचोके सरकवत राहायची. बाईंनी तिला "हं" किती वेळा म्हटलं मला माहीत नाही, पण तिचं नाव घेताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा.

आमच्या त्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग. पाचवीला रेल्वेलाईन ओलांडून मोठ्या शाळेत जावं लागे. पोरींची शाळा त्या रुळांपाशी संपायची. चंद्रीच्या बापानं मात्र जूनमध्ये बाईंना शब्द दिला होता की पोर गणितात हुशार निघाली तर पाचवीला धाडीन. निघाली नाही तर दिवाळीनंतर तिला घरात घ्यायची, कारण तेव्हा लग्नसराईच्या साड्यांचं काम सुरू होतं आणि आईला हात हवे असतात. असा उघड सौदा होता. दिवाळीपर्यंत मुदत. बाईंच्या डोक्यात ते एकच चाललं होतं, या पोरीनं दिवाळीनंतर परत वर्गात यायचं.

नवरात्र संपलं आणि शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. कुणीतरी वर कळवलं होतं की बाई पुस्तकाचा क्रम पाळत नाहीत. कुणी, ते मी लिहीत नाही. पेढे कुणाचे बंद झाले होते ते वर आलंच आहे. साहेब गुजराती होते, मराठी बरं बोलायचे, आणि खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. मी त्या दिवशी खिडकीबाहेर ओट्यावर होतो. त्यांनी चंद्रीला फळ्यापाशी बोलावलं. पोरांना समजेल असा दाखला द्यावा म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी इकडंतिकडं बघून विचार केला आणि म्हणाले, "एका खोलीत आठ माणसं राहतात. खाटा चार. तर प्रत्येक खाटेवर किती माणसं?"

चंद्रीनं वेळ घेतला. बोटं हलली. "एक," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा विचारलं, सावकाश. आठ माणसं. चार खाटा.

"एक."

ते वर्गाकडं वळले. कोण सांगेल? आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "एक!"

साहेबांनी बाईंकडं पाहिलं. "आ शुं छे, बेन? हा भागाकार?"

बाई चंद्रीला म्हणाल्या, "बाकीचे चार कुठं गेले?"

"रातपाळीले," चंद्री म्हणाली, एवढं काय विचारताय अशा आवाजात. तिच्या खोलीत, तिच्या गल्लीत, सगळ्या बमरोलीत खाट तशीच वापरली जाते. एक उठतो तेव्हा दुसरा निजतो. गादी गार व्हायला वेळ मिळत नाही.

साहेब हसले. चांगल्या मनानं हसले. "बरोबर छे, पण गणितात रातपाळी नसते ना, बेटा." आणि वहीत काही लिहायला लागले.

तेव्हा बाईंनी जे केलं ते त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. त्या चंद्रीजवळ गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दोन म्हण."

चंद्रीनं नाही अशी मान हलवली.

"साहेबांना दोन पाहिजे. म्हणून टाक, पोरी. दोन."

"मावत नही ना, बाई," चंद्री म्हणाली. "दोन जण एक खाटवर मावतस नही."

बाईंनी परत सांगितलं नाही. पाठ फिरवून त्या फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

शेरा आला: इयत्ता चौथीस भागाकार येत नाही, क्रम पाळावा, दिवाळीनंतर पुन्हा शिकवावा. मी पेटलोच होतो. त्याच संध्याकाळी मजकूर तयार केला. आठ माणसं, चार खाटा, आणि खरं उत्तर देणाऱ्या पोरीला नापास करणारं खातं. आजही सांगतो, एवढं चांगलं पत्रक मी त्यानंतर लिहिलेलं नाही. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छापू नका."

"का? एक शब्द खोटा आहे का यात?"

"खोटा काऊन असंल? पण हे वाचून लोक तुम्हाले शाबास म्हणतीन. आन तिच्या बापाले काय सांगतीन? का तुझ्या पोरीचं चुकलं ते पेपरात आलं."

"तिचं चुकलं नाही, बाई!"

"मले सांगता? तिच्या बापाले सांगा."

पत्रक छापलं नाही. ते छापायला हवं होतं असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण पोर बाईंची होती.

बापाला सांगायला त्या स्वतःच गेल्या. कुणाच्या घरी चहासुद्धा न घेणारी ही बाई पाळी बदलायच्या वेळी, संध्याकाळी, बमरोलीच्या त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली. मी बरोबर होतो. भिंतीपलीकडे लूम चालू, बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. आई कोपऱ्यात जेवणाऱ्यांना वाढत होती, धाकट्या दोघी साडीवर वाकलेल्या. बाप कामावरून नुकताच आला होता, केसांत सूत. शेऱ्याची गोष्ट खानावळीत त्याच्या कानावर आली होती.

"सायेब सांगस पोरले येत नही," तो म्हणाला. उद्धट नव्हता. थकलेला होता. "मंग पाचवीमा जाईसन काय करी ती?"

"येतं तिला," बाई म्हणाल्या. "सगळ्या शाळेत तिच्याएवढं कुणाला येत नाही. तुम्ही विचारा. काय वाटेल ते विचारा."

बापानं डोकं खाजवलं. बायकोकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या साड्यांकडं बोट केलं. "एक गठ्ठामा पंचवीस साड्या. तू, तुनी माय नि ह्या दोन्ही. कितल्या कितल्या?"

बाईंचा हात पिशवीतल्या चिंचोक्यांकडं गेला. मी त्यांच्या शेजारी होतो, मला कळलं.

चंद्री गठ्ठ्याकडं बघत राहिली. या वेळी बोटंही हलली नाहीत. "सहा सहा," ती म्हणाली. "एक उरस. ती मी करसू."

तिची आई वाढता वाढता थांबली. बाप हसला. पोटापासून, खुशीत हसला. जेवणाऱ्यांकडं बघून म्हणाला, "दखा!" मग बाईंपुढं हात जोडले.

"येस ना तिले, बाई. तुम्हीन शिकाडं. लई चांगलं शिकाडं. आते पाचवी कसाले?"

पाचवीत अपूर्णांक असतात, एवढं बाई म्हणाल्या, आणि लूमच्या आवाजात ते बापाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाल्या नाहीत. चहा आला, तो त्यांनी घेतला. बशीत ओतून, घोट घोट, सगळा संपवला.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. दोषी कोण ते सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. साहेब दोषी आहेत, वर्षाचं नियोजन करणारे आहेत, दिवसाला बारा तास माणूस जुंपणारे कारखानदार आहेत, घरबसल्या काम म्हणून पोरींची बोटं विकत घेणारे व्यापारी आहेत. सगळ्यांची नावं घेऊन झाली तरी बमरोलीच्या त्या खोलीतले ते जोडलेले हात उरतातच. त्या माणसानं उपकार मानले होते. पोरीला येत नव्हतं तेव्हा शाळा फुकट होती, आणि येतं म्हटल्यावर शाळा संपली होती. यावर काय घोषणा द्यायची?

दिवाळीनंतर चंद्री आली नाही. बाईंचीही बदली झाली, तापीपलीकडच्या शाळेत, पहिलीच्या वर्गावर. त्यांच्या जागी आलेले गुरुजी सरळ माणूस होते. त्यांनी शेऱ्याप्रमाणे सुट्टीनंतर भागाकार घेतला, पुस्तकातल्या क्रमानं, अर्ध्या रिकाम्या बाकांपुढं.

बाईंना मी उन्हाळ्याच्या तोंडावर भेटायला गेलो. त्याआधी आठवड्यातच बमरोलीत चंद्री दिसली होती, आणि ते बाईंना सांगावं की नाही हे मला रस्ताभर ठरवता येत नव्हतं. त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. खांद्याला पिशवी नव्हती. मी विचारलं, इथं जूनमध्ये सुरू करणार ना?

"काय?"

"भागाकार."

"पहिलीला बेरीज असते," त्या म्हणाल्या. "बेरीज शिकवते. वजाबाकी शिकवते. मग दुसरीच्या बाईंकडं देते."

मी चिडलो. बोलायचं ते बोललो, तुम्हीच असं केलं तर कुणी काय करायचं वगैरे. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चंद्री दिसते का कुठं?"

मग मी सांगितलं. व्यापाऱ्याचा माणूस आता गठ्ठे घरोघर देत नाही, थेट चंद्रीच्या ओट्यावर टाकून जातो. गल्लीभरच्या पोरी तिथं येतात आणि चंद्री त्यांना साड्या वाटून देते. आधी वाटणीवरून रोज भांडणं व्हायची. आता होत नाहीत. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. बायका तिचं नाव काढतात.

आतून पोरांचा गलका येत होता.

"त्या पोरी कोणत्या?" त्यांनी विचारलं. "साड्या न्यायला येतात त्या?"

"आपल्याच," मी म्हणालो. "चौथीतल्या. दिवाळीनंतर वर्गात न आलेल्या."

बाईंनी मान हलवली आणि वर्गात गेल्या.